पाय उचलेपर्यंत

वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाने भुताखेतांच्या नादी लागायचं ठरवलं तर त्याचं दुकान बसेल. मशीन मध्येच थांबतं, जागचं सरकतं, बंद असताना गुरगुरतं, आणि दर वेळी गिऱ्हाईक आवाज खाली आणून सांगतं, आत काहीतरी आहे हो. असतंच. बटण असतं, नाणं असतं, एकदा तर अख्खा चष्मा निघाला. मी मागचं झाकण उघडतो, जे असेल ते काढतो आणि गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतो. त्यामुळे आता जे सांगणार आहे त्याचं झाकण मी उघडून बघितलंच नसेल असं कुणी समजू नये. स्क्रूसुद्धा मोजून परत लावले आहेत.

दुकान तळमजल्यावर आहे आणि वर एक लांबट खोली. खोलीला फळ्यांची जमीन, दोन खिडक्या, एक रस्त्याकडे आणि एक मागच्या अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे. भिंतीला टेकून पियानो उभा आहे, त्याच्या दोन पट्ट्या मुक्या आहेत. कोपऱ्यात माझे ड्रम. दिवसभर मशीन आणि कामं आटोपल्यावर जॅझ, अशी माझी वाटणी. बाकी सगळा पसारा माझ्या भाचीचा. दोन फिडल, क्लॅरिनेट, मॅन्डोलिन, कसलीशी चपटी बासरी, आणि कुठेही काढून टाकलेले मोजे.

भाचीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. ती एका जागी बसलेली कुणी पाहिलीच नव्हती. लहान असताना तिला सकाळी उठवायचं काम माझ्याकडे असे, कारण ताईच्या हाका तिच्या कानावरून जायच्या. मला हाक मारावी लागत नसे. डाव्या तळपायाजवळ नुसतं बोट नेलं की ती किंचाळत पांघरुणाबाहेर. उजव्या पायाला काही नाही, डाव्याला मात्र भयंकर गुदगुल्या. त्यावरून मी तिला मोठी झाल्यावरही पुष्कळ छळलं आहे. मामा कशाला असतो मग?

जॅझ तिने माझ्या मांडीवर बसून उचललं. फिडल मात्र तिची स्वतःची कमाई. व्हायोलिन आणि फिडल एकच लाकूड, बरं का. बूट घालून वाजवलं की व्हायोलिन, अनवाणी वाजवलं की फिडल, असं ती सांगते. शिक्षण संपल्यावर ती डोंगरापलीकडच्या गावांत जाऊन राहिली आणि तिथल्या म्हाताऱ्या फिडलवाल्यांच्या शेजारी बसून नाचाच्या धुना शिकून आली. ते लोक खुर्चीवर बसून वाजवतात आणि दोन्ही पायांनी जमिनीवर ठेका धरतात. ड्रमवाला लागतच नाही. हे ऐकून मला जरा झोंबलंच होतं.

त्यांची आणखी एक रीत तिने मला सांगितली होती. नाचाची धून गोल फिरते, संपली की पुन्हा पहिल्यापासून. किती फेऱ्या, हे आधी ठरत नाही. जो म्होरक्या असेल तो वाजवता वाजवता एक पाय समोर उचलतो. पाय उचलला की ही शेवटची फेरी, सगळ्यांनी मिळून थांबायचं. तोवर कुणी थांबायचं नाही, मग हात गळून पडोत. आम्हा जॅझवाल्यांचं उलटं. शेवट आम्ही नजरेने ठरवतो, पण सुरुवात मोजून करतो. मी तर एकटा बसलो असलो तरी मोठ्याने 'एक, दोन, एक दोन तीन चार' म्हटल्याशिवाय काठी खाली आणत नाही. जुनी खोड आहे.

भिंगरीने या दोन्हींचं लग्न लावलं. पायाचा ठेका सरळ, नाचाचा. वर गज मात्र जॅझचा, डुलणारा, जरा मागे रेंगाळून मग गाठणारा. पाय गावात आणि हात शहरात, असं मी तिला चिडवायचो. मध्येच फिडल मांडीवर ठेवून क्लॅरिनेट उचलायची तरी पाय चालूच. लोक ऐकायला यायला लागले, मोठ्या सभागृहाने कार्यक्रम द्यायचं कबूल केलं, आणि त्याच सुमारास ती सायकलवरून पडली.

गुडघ्याच्या बाजूची नस चिरडली. डावा पाय दिसायला नीट होता, पण घोट्यापासून खाली नुसता लोंबायचा. पंजा वर उचलता येईना, टोचलेलं कळेना. बुटात घालायला प्लॅस्टिकची पट्टी मिळाली. डॉक्टरबाई सरळ बोलणाऱ्या होत्या, उगाच गोड बोलून आशेवर ठेवायच्या नाहीत. नस परतायची तर वर्षभरात परतते, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते वर्ष उलटून गेलं.

पट्टीच्या आधाराने ती चालायची. वाजवता मात्र येईना, आणि ते का, हे कुणाला कळत नव्हतं. ताई म्हणायची, अगं हात तर धडधाकट आहेत ना. मला कळत होतं. एका पायावर ठेका लंगडा पडतो आणि मग हात घाई करतात. ती सुरुवात छान करायची, चौथ्या-पाचव्या फेरीला पळत सुटायची आणि अडखळून थांबायची. मी ड्रमवरून तिला धरून ठेवायला बघायचो, तर त्याचाच राग.

"मला कुबडी नकोय, मामा," ती एकदा म्हणाली आणि फिडल पेटीत ठेवून दिलं.

त्यानंतर पेटी उघडली नाही. ती मुलगी खिडकीशी बसून राहायला लागली, तासन्‌तास, एका जागी. सभागृहवाल्यांनी तारीख पुढे ढकलली होती, त्यांना ती आता कायमचं नाही कळवणार होती. ताई दुकानात यायची, घरातल्या चांगल्या चाललेल्या मशीनची काहीतरी तक्रार सांगायची आणि मध्येच रडायला लागायची. मला काहीही दुरुस्त करता येत नव्हतं. त्या दिवसांइतका निकामी मी स्वतःला कधीच वाटलो नाही.

ती खुर्ची मला मिळाली एका लाँड्रीत. मोठी लाँड्री, हॉटेलांच्या चादरी धुणारी. इमारत जुनी, पूर्वी तिथे नाचाचं सभागृह होतं. मशीनचा पट्टा बदलून मी हात पुसत होतो तेव्हा माळ्यावरून ठकठक ऐकू आली. मशीनच्या हादऱ्याने वर काहीतरी हलतंय, बघून देतो, मी म्हणालो. लाँड्रीवाल्या बाई चादरीच्या घड्या घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

माळ्यावर भंगार होतं आणि त्यात एक बिनहातांची बुटकी खुर्ची. तिच्या पुढच्या दोन पायांना एक जाड फळी ठोकलेली होती आणि फळीवर दोन खळगे, पावलांच्या आकाराचे. कुणीतरी वर्षानुवर्षं त्याच जागी पाय आपटून लाकूड झिजवलं होतं. उजवा खळगा उथळ होता, डावा चांगलाच खोल. मी हात फिरवून पाहिला, साबणासारखा गुळगुळीत. खुर्चीवर बोटभर धूळ होती, खळग्यांत मात्र अजिबात नव्हती. हादऱ्याने उडत असेल, मी मनात म्हटलं.

माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. अशी फळी पायाखाली असली तर एकाच पायाचा ठेकाही भरून वाजेल. मी बाईंना खुर्ची मागितली. त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"घरी वाजवणारं कुणी आहे का?"

भाची आहे, मी सांगितलं.

"मग न्या, भाऊ." मग घडी घालता घालता, जसं काही पुढच्या दुरुस्तीचं सांगावं तसं, त्या म्हणाल्या, "हादऱ्याचं म्हणाल, तर सुट्टीच्या दिवशी माझी मशीनं बंद असतात."

त्याचा अर्थ मी तेव्हा लावायला गेलो नाही. खुर्ची डोक्यावर घेऊन घरी आलो, पुसली आणि वरच्या खोलीत खिडकीशी मांडली. भिंगरीला यायला वेळ होता. ड्रमवर बसलो, नेहमीसारखं मोठ्याने मोजलं आणि सुरू झालो. आमच्यात एक खेळ असतो. चार आवर्तनं एकाने वाजवायची, चार दुसऱ्याने, मग पुन्हा पहिल्याने. एकटा असलो की मी माझी चार वाजवतो आणि समोरच्याची चार मोकळी सोडतो. म्हणून सोडली.

मोकळी राहिली नाहीत. फळीवर पाय वाजले. टाच, चवडा, टाच, चवडा, दमदार आणि ठाय. चार आवर्तनं भरली आणि थांबले.

लाज वाटते ती याची, की विचार करायच्या आधी माझ्या हातांनी पुढची चार वाजवून टाकली. सवय वाईट. चांगला सवाल आला की जवाब जातोच.

मग मात्र काठ्या ठेवल्या. खाली गेलो. दुकानातलं एकही मशीन चालू नव्हतं, सगळ्यांचे प्लग मी स्वतः काढलेले होते. वर येऊन खुर्ची उलटी केली, सगळे स्क्रू काढून बघितले, घट्ट केले, आवाज दबावा म्हणून पायांखाली जाड लोकरी नमदा चिकटवला. पाण्याच्या नळीला कान लावला. शेजारच्या इमारतीत कुणी खिळे ठोकतंय का पाहून आलो. काही सापडलं नाही, पण न सापडणं म्हणजे काही नसणं नव्हे, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. कुणाकडे बोललो नाही.

भिंगरी आली. ही कुठल्या आजोबांची खुर्ची, असं तिने विचारलं आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या आवाजात जरा थट्टा आली. बसून तर बघ, मी म्हटलं. तिने आढेवेढे घेतले, मी टोमणे मारले, शेवटी ती चिडून बसली. उजवा पाय आपोआप खळग्यात गेला. डावा तिने दोन्ही हातांनी गुडघ्याखाली धरून उचलला आणि जागेवर ठेवला, आपण एखादी वस्तू ठेवतो तसा. पेटी उघडली. मी मोजलं.

पहिल्या दोन फेऱ्या एका पायावर गेल्या. तिसऱ्या फेरीत डावा वाजायला लागला.

तिने गज थांबवला नाही. आमच्या लोकांना आधी धून पुरी करायची असते, मग घर जळत असलं तरी. संपल्यावर ती खाली वाकून पायाकडे बघत राहिली. फळीवरून उतरवला तर पाय पुन्हा लोंबता. ठेवला, वाजवायला लागली, की चालू. ती हसत होती आणि गालांवरून पाणी येत होतं. माझंही तेच झालं, त्यात काय लपवायचं?

आम्ही डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी सुया लावून नस तपासली आणि मान हलवली. नस मुकीच होती. बसून ठेका धरताना मांडीचे आणि कमरेचे स्नायू सगळं काम करत असतील, त्या म्हणाल्या, शरीर फार लबाड असतं, एक वाट बंद झाली की दुसरी काढतं. मला ते पटलं. पटायला मी टपलेलाच होतो.

पुढचे दिवस काय सांगू! घरात पुन्हा भांडणं सुरू झाली, मोजे पुन्हा वाटेत पडू लागले. भिंगरी मला म्हातारा बैल म्हणायला लागली, मी तिला फुटका भोंगा. ताई चहाचे कप घेऊन वर यायची आणि दारातच उभी राहून ऐकायची. सभागृहवाल्यांना होकार गेला. हात पुन्हा डुलायला लागले, घाई नाही, अडखळणं नाही.

पण मी ड्रमवाला आहे. माणसाचा ठेका मी पाठमोराही ओळखतो. भिंगरीचा डावा पाय पूर्वी हलका होता, केसभर आधी पडायचा. हा जड होता आणि केसभर मागे. आधी टाच यायची, मग चवडा. प्रत्येक फेरीच्या शेवटी एक जादा ठोका, म्हाताऱ्या माणसाने बोलून झाल्यावर खाकरावं तसा. तो ठोका मी एकदा ऐकला होता, खुर्ची रिकामी असताना. ती हसत होती हो. कुणाच्याने बोलवलं असतं?

मग एक दिवस ती वाजवता वाजवता म्हणाली, "मामा, ही धून मला येत नाही."

"वाजवते आहेस की."

"पाय पुढे जातोय. मी नुसती मागून चाललेय." चेहऱ्यावर भीती नव्हती, नवल होतं. धून सुंदर होती, जुनी, कुठेतरी मध्येच दुखरी. "छान आहे ना?" ती म्हणाली. मी हो म्हणालो. खोटं नव्हतं ते.

कार्यक्रमाच्या आधीचा रविवार. दुकान बंद, रस्त्यावर शांतता, मागच्या अंगणात कपडे वाळत होते. दुपारचं ऊन फळ्यांवर आडवं पडलेलं. सगळं पुन्हा एकदा म्हणून आम्ही बसलो. मी मोजलं आणि तिने तीच, न शिकलेली धून धरली.

बहारदार चालली होती. पुरेशा फेऱ्या झाल्यावर मी नजरेने विचारलं, तिने मान डोलावली, मी समाप्तीचे ठोके वाजवले.

पाय थांबला नाही.

ती हसली आणि आणखी एक फेरी घेतली. मी पुन्हा समाप्ती वाजवली. पुन्हा धून पहिल्यापासून सुरू. या वेळी ती हसली नाही.

"मामा, थांबत नाहीये."

"गज खाली ठेव."

"सुटत नाहीये."

मी काठ्या टाकल्या. काहीच फरक पडला नाही. आता तिचा उजवा पायही त्या जड, मागे पडणाऱ्या ठेक्यात गेला होता. फेरीमागून फेरी. तिच्या खांद्याला गोळा आला होता, डाव्या हाताची करंगळी तारेवर चिरली होती, फिडलच्या मानेवर लाल ओघळ आला होता. ती माझ्याकडे बघत होती. लहान असताना बघायची तशी, मामा काहीतरी करेल अशा नजरेने.

मी गुडघ्यांवर बसलो आणि तिचा डावा घोटा दोन्ही हातांनी घट्ट धरला. फिरतं मशीन मी हाताने थोपवलं आहे, जोर कसा लागतो ते मला ठाऊक आहे. घोटा गार होता. पोटरी मऊ, सैल, एकही स्नायू ताठ नव्हता. मांडीही सैल. तरी पाय माझे हात घेऊन वर येत होता आणि खाली जात होता. खालून कुणीतरी उचलत होतं.

आणि त्याच वेळी मला साधी गोष्ट कळली.

कुणी पाय उचललाच नव्हता.

भिंगरी उचलू शकत नव्हती. शेवटच्या फेरीला ती नेहमी डावाच उचलायची आणि तोच तर उचलत नव्हता. आणि तो? माळ्यावर तो किती काळ बसला होता कोण जाणे. मशीनं चालू असोत, बंद असोत, ठेका धरून, कुणी सोबतीला येईल म्हणून. मी त्याला मोजून आत घेतलं. आमच्या धुनांना माझे समाप्तीचे ठोके चालले, पण ही धून त्याची होती आणि तिला रीतही त्याचीच. त्याच्या रीतीने तो वागत होता ते बरोबरच होतं.

मी ड्रमवर जाऊन बसलो.

नुसता पाय उचलून भागणार नव्हतं. सांगणारा वाजवणाऱ्यांतला असावा लागतो. मी काठ्या घेतल्या आणि माझा ठेका सोडून त्याचा धरला. टाच, चवडा. जड, केसभर मागे. एक अख्खी फेरी त्याच्या मागून गेलो.

पुढची फेरी सुरू झाली तेव्हा मी डावा पाय ड्रमच्या झांजेच्या पायपट्टीवरून काढला आणि समोर उचलला. सरळ, उंच. त्या खुर्चीत जो कुणी असेल त्याला दिसावा असा.

माझी कंबर, माझं वय. पाय थरथरायला लागला.

धरून ठेवला.

फेरी चालूच होती. भिंगरीचे डोळे माझ्या पायावर. मांडीत कळ आली, ती डोक्यापर्यंत गेली. मी दात आवळले. धून शेवटच्या ओळीवर आली. वळली.

दोन जड ठोके. आणि एक जादा.

थांबलं.

गज तिच्या हातातून गळून जमिनीवर पडला. अंगणातल्या कपड्यांची फडफड ऐकू यायला लागली. मी पाय खाली घेतला. तेव्हा तिचा डावा पाय खळग्यातून हलला. आधी चवडा वर आला, मग अख्खं पाऊल. समोर उचलला गेला, क्षणभर तसाच राहिला, कळलं म्हणून सांगावं तसा. मग फळीच्या बाहेर, साध्या जमिनीवर येऊन टेकला.

भिंगरी उठली. पट्टी भिंतीशी पडली होती, तिच्याकडे तिने पाहिलंही नाही. खिडकीपर्यंत गेली, परत आली, पियानोला वळसा घातला. पंजा प्रत्येक पावलाला वर उचलला जात होता. मला काही सुचेना म्हणून मी तिची करंगळी रुमालाने बांधायला धावलो, तर ती जिन्यावरून उतरायलासुद्धा लागली. खाली ताई नुकतीच आली होती, हातात पिशवी. लेक कठडा न धरता उतरताना पाहून ती पायरीवरच बसली. तिथेच बसून दोघी रडल्या आणि मी वरून ओरडत होतो, अगं बोट, बोट तरी बांधू द्या. माझा जीव भांड्यात पडला होता.

डॉक्टरबाईंनी तिला खोलीभर चालवलं आणि स्वतःच खूश झाल्या. तपासणीत नस अजून बोलत नाही, त्या म्हणाल्या, पण पाय उचलला जातोय हे मला डोळ्यांनी दिसतंय, तेव्हा आपण आनंद करूया. टोचलेलं अजून कळत नव्हतं. स्पर्श सगळ्यात शेवटी येतो, येईल सावकाश. भिंगरीला त्याचं काहीच नव्हतं. "चालतोय ना? मग कळलं नाही तर नाही," ती म्हणाली आणि पट्टी कचऱ्यात टाकायला निघाली. ताईने ती कचऱ्यातून काढून माळ्यावर ठेवली. असू दे म्हणाली.

कार्यक्रम साध्या स्टुलावर बसून झाला. करंगळीला चिकटपट्टी, तरी गज असा डुलला की मला मध्येच वाजवायचा विसर पडायची वेळ आली. शेवटच्या फेरीला तिने डावा पाय उचलला आणि लोकांना वाटलं हा नखरा आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र आता मोठ्याने मोजत नाही. मनात मोजतो, मान हलवतो. भिंगरी म्हणते मामा पोक्त झाला.

खुर्ची मी परत न्यायला निघालो होतो. लाँड्रीवाल्या बाईंनी दारातच हात आडवा केला. "आता इथे शांत असतं, भाऊ. राहू द्या तुमच्याकडेच." म्हणून ती वरच खिडकीशी आहे. तिच्यावर कुणी बसत नाही, तसं कुणी ठरवलेलं नाही. मी रोज सकाळी वर जातो आणि खळग्यांवरून बोट फिरवतो. दोन्हींत धूळ बसते. बोटाला धूळ लागली की मला बरं वाटतं, मग मी खाली जाऊन दुकान उघडतो.

परवा दुपारी काम नव्हतं. मी वर बसून ड्रमची कातडी ताणत होतो. भिंगरी जमिनीवर पालथी पडून पुस्तक वाचत होती, अनवाणी, दोन्ही तळवे माझ्याकडे. ऊन छान होतं, खालून ताईचा कुणाशीतरी हुज्जत घालणारा आवाज येत होता. मला जुनी लहर आली. ड्रमचा तारांचा ब्रश हातात होता, तो हळूच पुढे नेला आणि तिच्या डाव्या तळपायावरून फिरवला.

काही नाही. तिने पान उलटलं.

बोटांच्या खाली, जिथे लहानपणी सगळ्यात जास्त गुदगुल्या व्हायच्या, तिथे फिरवला. पाय होता तिथेच, शांत.

माझ्या मागे खिडकीशी खुर्ची करकरली, एकदम, बसलेल्या माणसाने दचकून पाय पोटाशी ओढून घ्यावा तशी. मग फळीवर टाच टेकल्याचा बारीक आवाज आला.

मी ब्रश खाली ठेवला.

"चुकलो," मी म्हणालो.

"कुणाला म्हणतोस, मामा?" भिंगरीने पुस्तकातून डोकं न काढता विचारलं.